टेप येईपर्यंत सांगायचं नाही

दिल्या, तुझी टेप तपासणीतून सुटली.

या बुधवारी ऑफिसच्या पोस्टबॉक्समध्ये चिठ्ठी आली होती. मी एकटाच जाऊन पॅकेट घेतलं. काउंटरवरच्या त्याच माणसाने विचारलं, "आज वो दूसरा साब नहीं आया?" मी नुसतं "नहीं" म्हटलं आणि सही करून बाहेर आलो. गाडीत बसलो, एसी लावला, पॅकेट मांडीवर ठेवलं. वर तुझ्या ताईच्या अक्षरात तुझं नाव होतं. तिने हे पॅकेट पोस्टात टाकलं तेव्हा तू होतास.

या टेपमध्ये काय आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुला माहीत नाही. खरं तर त्याहून वाईट आहे. तुला चुकीचं माहीत आहे, आणि ते तुला मी सांगितलं, तोंडातून एक शब्दही न काढता. शोकसभेत सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. मलाही उठवलं, पण मला बोलता आलं नाही. जे बोलायचं होतं ते तुझ्याशीच बोलायचं होतं.

लोक अजून विचारतात, पुण्याचा माणूस, दुबईत रास अल खोरमध्ये एसीच्या स्पेअर पार्ट्सचं गोडाऊन सांभाळणारा, त्याला बेसबॉल कुठून लागला? तू एका सुट्टीत ताईकडे अमेरिकेला गेलास आणि तुझ्या मेव्हण्याने तुला मॅचला नेलं, एवढीच ती गोष्ट. पण तू ती सांगायचास तेव्हा त्यात एक म्हातारा असायचा. शेजारच्या खुर्चीत बसलेला, निळी टोपी घातलेला. त्याची टीम वाईट हरत होती आणि तो शेंगा फोडून निम्मे दाणे काही न बोलता तुझ्या हातावर ठेवत होता. मॅच संपल्यावर त्याने मांडीवरची टरफलं झटकली, टोपी सारखी केली आणि तुला म्हणाला, "पुढच्या वर्षी."

"मन्या, जुलै महिना होता!" तू दर वेळी इथे थांबून हसायचास. "अजून निम्मा हंगाम बाकी होता. आणि हा म्हणतो पुढच्या वर्षी!"

तू तशीच एक निळी टोपी घेऊन दुबईला परत आलास आणि त्या टीमचा झालास. ती टीम पुढेही हरतच राहिली. मधूनच एखादं वर्ष बरं जायचं, तू आशेला लागायचास आणि सप्टेंबरात सगळं ओम फस्. ताई दर रविवारची मॅच टेप करून पाठवायची. अमेरिकेची टेप पुण्याच्या व्हीसीआरवर चालली नसती. इथे मात्र देराच्या दुकानांत सगळ्या देशांच्या टेपा चालवणारं मशीन मिळायचं. तू म्हणायचास, "लोक पगारासाठी गल्फमध्ये राहतात. मी या व्हीसीआरसाठी राहिलोय."

टेप पोस्टाने यायची, मग इथल्या सेन्सॉरच्या तपासणीला जायची, मग सुटायची. तीन आठवडे तरी लागायचे, कधी जास्तच. तोवर तुला निकाल कळता कामा नये, हा तुझा हट्ट. घड्याळात आपण अमेरिकेच्या पुढे आणि तू मात्र तीन आठवडे मागे, असा तुझा संसार चालायचा. त्या काउंटरवरच्या माणसाने एकदा तुला टेप देताना विचारलं होतं, "सर, ये क्या गेम है? मैं पूरा देखा. आदमी खड़ा है, थूकता है, फिर खड़ा है." तू दोन्ही कानांवर हात ठेवलेस. "रिझल्ट मत बोलना भाई, रिझल्ट मत बोलना!" तो बिचारा म्हणाला, "रिझल्ट? मेरे को तो ये भी मालूम नहीं पड़ा कि आप का टीम कौन सा है." त्या दिवशी परत येताना तू गाडी नीट चालवू शकत नव्हतास, इतका हसत होतास.

आणि या सगळ्या कारभारात मला तू एक काम दिलंस. ऑफिसात इंग्रजी पेपर यायचा. खेळांच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात अमेरिकेतल्या मॅचेसचे निकाल अगदी बारीक टायपात असायचे. मी अकाउंट्समध्ये, सगळ्यांच्या आधी येणारा. मी तो कोपरा वाचायचा, कात्रीने कापून फेकून द्यायचा आणि मग पेपर तुझ्या टेबलावर ठेवायचा. निकाल मात्र मी पोटात ठेवायचा. टेप येईपर्यंत सांगायचं नाही.

"मी पण नाही वाचत ना मग," मी सुरुवातीला म्हटलं होतं. "डोळे मिटून कापतो."

"छे. कुणाला तरी माहीत असलेलं बरं असतं," तू म्हणालास. "मला एकट्याला माहीत नाही म्हटल्यावर मजा आहे. कुणालाच माहीत नसेल तर काय?"

त्या कोपऱ्याच्या मागच्या बाजूला शब्दकोडं असायचं. आपला कुरियन ते सोडवायचा. इतकी वर्षं त्याला कोडं भोक पडलेलंच मिळालं. "मनोहर, तुम्हारे दिलीप के वास्ते मेरा हमेशा सेवन डाउन जाता है," अशी त्याची तक्रार. पण त्याने कधी घरी दुसरा पेपर सुरू केला नाही. तू गेल्यानंतर एका सकाळी मी सवयीने कात्री काढली, तेव्हा तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "काटो, काटो. मेरे को आदत है."

शुक्रवारी सकाळी मी तुझ्याकडे करामाला यायचो. माझी बायको-मुलं पुण्यात. माझा सुट्टीचा दिवस म्हणजे तुझं घर, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण वहिनी शुक्रवारी एक माणूस जास्त धरूनच कणीक मळायच्या. आपण टेप लावायचो. मला शेवट माहीत असायचा आणि मी तुझ्या शेजारी बसून माहीत नसल्यासारखा चेहरा करायचो. तू पुढे सरकून सरकून सोफ्याच्या काठावर यायचास. "धाव रे, यल्ला यल्ला यल्ला!" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "अहो, कशाला घसा कोरडा करताय? तीन आठवड्यांपूर्वीच धावून झालंय त्याचं."

ऋचा लहान होती तेव्हा तुझ्या मांडीवर बसायची, मोठी झाल्यावर पुस्तक घेऊन दाराशी. तू तिला विचारायचास, "काय वाटतं, जिंकतील का आज?" ती मान वर न करता म्हणायची, "बाबा, इट्स ऑलरेडी ओव्हर."

मला वाटायचं मी फार चांगला नट आहे. इतक्या वर्षांत तुला माझ्या चेहऱ्यावरून एकदाही निकाल कळला नाही, याचा मला अभिमान होता.

आपलं एक भांडण राहून गेलंय. शारजाला क्रिकेटच्या मॅचेस होत्या, ऑफिसच्या सगळ्यांनी तिकिटं काढली होती, आणि तू आला नाहीस कारण त्याच दिवशी टेप आली होती. मी चिडलो. त्या संध्याकाळी तुझ्या घरी चार लोक बसले होते आणि त्यांच्यादेखत मी म्हणालो, "ज्या गावात तू पंधरा दिवस राहिलास, त्या गावाच्या टीमसाठी तू आपली टीम सोडलीस. तिथे कुणाला माहीत तरी आहे का तू कोण आहेस?"

तू शांतपणे म्हणालास, "आणि इथे माहीत आहे? मी इथे इतकी वर्षं आहे. दर तीन वर्षांनी व्हिसासाठी रक्त काढून देतो, एक्स-रे देतो, तेव्हा मला राहू देतात. हे गाव तरी माझं कधी होणार आहे? पण मला करामा आवडतो. तो माझा आहे की नाही, हे विचारायला मी कुणाकडे जात नाही."

"हा वेगळा मुद्दा झाला," मी म्हटलं.

"तोच आहे. तू नीट विचार कर."

मी विचार केला नाही. चप्पल घालून निघून गेलो. पुढच्या शुक्रवारी आलो तेव्हा वहिनींनी ताट वाढलं, तू टेप लावलीस आणि विषय तिथेच राहिला. त्यावर मला तुला उत्तर द्यायचं होतं. खरं तर मला एवढंच सांगायचं होतं की तुझं बरोबर होतं. दुसऱ्याच्या घरातल्या सोफ्यावर दर शुक्रवारी हक्काने बसणाऱ्या माणसाला हे कळायला इतका वेळ लागायला नको होता.

मग या वर्षीचा हंगाम आला. तुझी टीम या वर्षी जिंकायला लागली. मी सकाळी कात्री हातात घेऊन खुर्चीत बसायचो आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसायचा नाही. ऑक्टोबरात ती शेवटच्या फेरीत पोहोचली. इतकं तुला टेपांवरून कळलं होतं. आधीच्या फेरीच्या टेपा मेव्हण्याच्या ओळखीच्या एका माणसाने येताना सामानातून आणल्या होत्या. आणि त्याच आठवड्यात तुझ्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलात नेलं, तपासण्या झाल्या, ऑपरेशन करायचं ठरलं. तू मला पहिलं काय विचारलंस? "पेपर कोण कापतंय?"

"मीच. दुसरं कोण?"

"वॉर्डात पेपर येतो. त्या नर्सला सांगून ठेव."

मी सांगून ठेवलं. ती केरळची मुलगी हसायला लागली आणि म्हणाली, "अंकल को टेन्शन नहीं देने का. मैं पूरा पेपर ही नहीं देगी."

शेवटच्या सामन्याचा निकाल आला त्या सकाळी तो कोपऱ्यात नव्हता. पानाच्या मध्यावर होता, फोटोसकट. निळ्या टोप्यांची माणसं एकमेकांच्या अंगावर पडलेली. दिल्या, तुझी टीम जिंकली होती. मी तो फोटो कापला तर पानाला एवढं मोठं खिंडार पडलं की कुरियन बघतच राहिला. "इतना बड़ा? जीत गया क्या?" मी म्हटलं, "चुप." तो म्हणाला, "मैं किस को बोलेगा?" आणि मग आम्ही दोघं, दोन पिकल्या केसांची माणसं, अकाउंट्सच्या खोलीत हात मिळवत उभे राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं ऑपरेशन होतं. मी त्या संध्याकाळी यायला निघालो. वाटेत मीना बाजारला थांबलो आणि आपल्या नेहमीच्या फरसाणवाल्याकडून कचोरी घेतली. तुला तेलकट बंद होतं हे मला माहीत होतं. तरी घेतली. उद्या तुला काय होईल हा विचार डोक्यातून जात नव्हता, आणि तुला आवडणारी एक वस्तू हातात असल्याशिवाय मला तुझ्यासमोर येता येईना.

तू उशांना टेकून बसला होतास. आधी तू माझ्याकडे पाहिलंस, मग त्या तेलाने डागाळलेल्या कागदी पिशवीकडे पाहिलंस. थोडा वेळ पाहात राहिलास.

"कचोरी आणलीस?"

"आणली. वहिनींना विचारून खा."

वहिनी म्हणाल्या, "वेड लागलंय का भावजी तुम्हाला?" मग तुझ्याकडे बघून म्हणाल्या, "एक घास. एकच."

तू तो घास सावकाश खाल्लास. मी म्हटलं, "दिल्या, पेपर वाचला मी."

तू हात वर केलास. "सांगू नकोस. टेप येईपर्यंत सांगायचं नाही."

माझ्या अगदी ओठांवर होतं. तुला सांगतो, मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. पण तू हात वर धरला होतास, आणि इतक्या वर्षांचा आपला नियम मी आताच कशाला मोडू, असं मला वाटलं. मी परत बसलो. मनातल्या मनात मी स्वतःला शाबासकीसुद्धा दिली.

निघताना तू माझा हात धरलास. म्हणालास, "ठीक आहे रे मन्या. पुढच्या वर्षी."

मला वाटलं तू तुझ्याबद्दल बोलतोयस. पुढच्या वर्षी तू बरा असशील, आपण सोफ्यावर असू, असं काहीतरी. मी म्हटलं, "हो. इन्शाल्ला." आणि हसत हसत बाहेर पडलो.

ऑपरेशन झालं, पण तू शुद्धीवर आला नाहीस.

दहाव्या-बाराव्याच्या दिवसांत मी रोज तुझ्या घरी जात होतो. एका संध्याकाळी रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून येता येता कचोरी घेतली. ऋचाने दार उघडलं. पिशवी पाहिली आणि ती एकदम थांबली. म्हणाली, "काका, हू लॉस्ट?"

मला कळलं नाही. "काय गं?"

"कचोरी मीन्स लॉस. ऑल्वेज. टीम हरली की तुम्ही कचोरी आणायचात. जिंकली की यू जस्ट केम रनिंग. एम्प्टी हँड्स."

"ऋचा," वहिनी आतून म्हणाल्या.

"व्हॉट? बाबा न्यू. वुई ऑल न्यू. ही यूज्ड टु चेक फ्रॉम द बाल्कनी."

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी पदराला हात पुसले. "तुम्हाला सांगू नका म्हणाले होते. म्हणायचे, त्याला वाटतंय त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, तर वाटू दे. बाल्कनीतून तुमची गाडी लागताना बघायचे. तुमच्या हातात पिशवी दिसली की आत येऊन मला म्हणायचे, 'हरले गं. मन्या माझं सांत्वन घेऊन येतोय.' आणि मग सोफ्यावर जाऊन बसायचे, काही माहीत नसल्यासारखे."

तर असा मी नट. इतकी वर्षं तू माझ्यासमोर नाटक करत होतास आणि मी तुझ्यासमोर. मला आधी हसू आलं. मग ती हॉस्पिटलची संध्याकाळ आठवली, पिशवीकडे थोडा वेळ पाहात राहिलेला तू आठवलास, आणि मला तिथेच चपलांच्या स्टँडजवळ बसावं लागलं.

तुझी टीम जिंकली होती. तू अर्धं आयुष्य ज्याची वाट बघितलीस ते झालं होतं. आणि मी तुला सांगितलं की ती हरली. तेलाने डागाळलेल्या पिशवीने सांगितलं. तू तेवढ्यावर विश्वास ठेवलास, एक घास खाल्लास, उलट माझंच सांत्वन केलंस आणि दुसऱ्या दिवशी गेलास.

वहिनी समजूत काढतात. म्हणतात, "त्यांना हरायची सवय होती, भावजी. हरले की रात्री शांत झोपायचे आणि पुढच्या वर्षीचं बोलायचे. जिंकले असं कळलं असतं तर काय बोलले असते कोण जाणे. त्या रात्री पुढच्या वर्षीचं बोलून झोपले. ते काय कमी आहे?" त्यांचं बोलणं मी ऐकतो. कदाचित खरंही असेल. ज्याची टीम हरली आहे, त्याला पुढचं वर्ष असतं. पण ही समजूत त्यांनी घातली तर ठीक आहे, मी माझी घालू नये. मला एवढं कळतं की तुला एक आनंद मिळायचा होता, तो पूर्ण माझ्याजवळ होता, आणि मी तो तुला दिला नाही. तू हात वर केला होतास हे खरं. तरी मी ओरडून सांगायला हवं होतं.

एक मात्र मला परत परत आठवतं. त्या संध्याकाळी मी कचोरी का घेतली? तुझी टीम जिंकली आहे हे माहीत असूनही मी त्या दुकानाशी का थांबलो? मी तर जिंकलो की धावत यायचो. त्या दिवशी मला कुठेतरी वाटत होतं की आपण हरणार आहोत. ते तुझ्या टीमबद्दल नव्हतं. तू पिशवी बरोबर वाचलीस, दिल्या, फक्त ती कशाची होती ते तुला कळलं नाही. मलाही नाही कळलं.

काल शुक्रवार होता. टेप घेऊन मी करामाला आलो. मीना बाजारच्या वळणावर माझा हात आपोआप इंडिकेटरवर गेला होता, तो मी काढून घेतला. गाडी लावली आणि वर बाल्कनीत पाहिलं. ऋचा उभी होती, तुझी निळी टोपी घालून. ती माझ्या हातांकडे बघत होती. मी टेप शर्टाच्या आत, पोटाशी खोचली होती.

वहिनींनी चहा केला. कणीक त्यांनी किती माणसांची मळली होती ते मी विचारलं नाही. टेप लावली. सोफ्यावर तुझी जागा आम्ही मोकळी ठेवली नाही, तिथे ऋचा बसली, तू बसायचास तशी काठावर. नऊ डाव. मला वाटलं होतं मी बघू शकणार नाही, पण बघितलं. मध्ये तुझी टीम मागे पडली तेव्हा ऋचा म्हणाली, "काका, आर यू शुअर?" टेप चालू असताना तिने पहिल्यांदाच मला निकाल विचारला. मी म्हटलं, "टेप संपेपर्यंत सांगायचं नाही." ती म्हणाली, "ओके," आणि वहिनींचा हात धरला.

शेवटचा माणूस बाद झाला आणि ते सगळे मैदानात धावत आले, फोटोतल्यासारखे एकमेकांच्या अंगावर पडले. वहिनी रडत होत्या आणि म्हणत होत्या, "अहो, धावले बघा, धावले!" ऋचाने टोपी काढून डोळ्यांवर धरली. टेप पुढे चालत राहिली. ताई बंद करायला विसरली असावी, कारण नंतर बराच वेळ नुसती गर्दी दिसत होती. कुणी घरी जायला तयार नव्हतं.

मी उठून बाल्कनीत गेलो. जिथून तू बघायचास तिथे उभा राहिलो, खाली माझी गाडी लावायची जागा दिसते तिथे. दोन्ही हात कठड्याबाहेर काढले.

दिल्या, बघ. हात रिकामे आहेत.